प्रेक्षकांकडे पाठ करून बसणाऱ्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्या यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आपल्या 'संगीत सौभद्र'चा अकरावा प्रयोग संपला, पडदा पुन्हा वर गेला आणि एकेका कलावंताचे नाव पुकारले जात असताना तुम्ही नेहमीप्रमाणे खाली ऑर्गनचे झाकण लावून, त्यावर ती निळी चादर पसरून, बाजूच्या दाराने निघूनही गेला होतात. आपले नाव कुठे घ्यायचे नाही, जाहिरातीत तर नाहीच नाही, ही तुमची अट मी पाळत आले आहे आणि या पत्रातही पाळते आहे. पण पत्रच लिहायचे नाही असे काही आपले ठरलेले नव्हते. ते उघडपणे लिहिते आहे, कारण खासगी पत्र तुम्ही न वाचता ऑर्गनच्या खणात टाकाल याची मला खात्री आहे.

आणखी एक कारण आहे. संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, नटाकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. दहा प्रयोगांत शेकडो माणसे तुमच्या पाठीमागे हसली, रडली, गुणगुणली आणि क्वचित कुरकुरली, पण त्यांतला एकही चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. मी विंगेत उभी असते, मला ते सगळे दिसते. म्हणून आभार मानायचे ते या पद्धतीने मानावेत असे ठरवले, की तुमच्या पाठीमागे काय काय घडले ते तुम्हाला सांगावे.

पहिल्या प्रयोगाला तुम्ही त्या खड्ड्यात नव्हतात, प्रेक्षकांत होतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आणलेले, शंभराहून अधिक पदांचे, पाच अंकी नाटक आजच्या माणसाला अडीच तासांत दाखवायचे, या एकाच विचाराने मी तेव्हा झपाटले होते. पदे चोवीसवर आणली होती, साक्या आणि दिंड्या, म्हणजे मधली छोटी छंदोबद्ध पदे, जवळजवळ सगळ्या गाळल्या होत्या, साथीला सिंथेसायझर घेतला होता, आणि वेग राहावा म्हणून प्रत्येक पदाच्या शेवटच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, प्रकाश घालवून पुढच्या प्रवेशाला हात घातला होता. तालमीत हे फार चोख वाटत असे. प्रयोगात मात्र टाळी उठायची आणि अंधारात विझून जायची. मध्यंतरात नऊवारीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "बाई, गाणी गोड आहेत गं, पण टाळी वाजवायला हात उचलावा तर तुझा दिवा जातो." मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तालमीच्या जागेवर आलात, ओळख ना पाळख, आणि म्हणालात, "नाटक चांगलं बसवलंस, पण प्रेक्षकाला बसू दिलं नाहीस." आजींचे बोलणे मला त्या क्षणी कळले.

खरे सांगायचे तर मला तुमचा रागही आला होता. जुन्या पिढीतली मंडळी येतात, आमच्या वेळी असे होते म्हणून सांगतात आणि चहा पिऊन जातात, तसेच हे असेल असे वाटले. पण तुम्ही आमच्या वेळचे काहीच सांगितले नाहीत; मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडलेला ऑर्गन कुणाचा, एवढेच विचारलेत. पुढचे नऊ दिवस तुम्ही त्याच्यापुढे मांडी घालून बसला होतात. उंदरांनी कुरतडलेल्या भात्याला नवे चामडे लावलेत, एकेक सूर बाहेर काढून दाढीच्या जुन्या ब्रशाने झाडलात, आणि मधल्या सप्तकातला कोमल निषाद घुरघुरत होता म्हणून एक अख्खी दुपार त्याच्यावर घालवलीत. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने, आता खरी परंपरा परत येणार, असे म्हटल्यावर तुम्ही मान वर न करता त्याला सांगितलेत की 'सौभद्र' पहिल्यांदा झाले तेव्हा ऑर्गन नव्हताच, तो रुळला पुढे बालगंधर्वांच्या काळात. तेव्हा परंपरेचे नाव घेऊ नकोस, हा वाजवायचा तो एवढ्यासाठीच की याला श्वास आहे आणि गाणाऱ्यासाठी तो थांबू शकतो.

थांबणे म्हणजे काय ते तुम्ही आम्हाला टाळ्या वाजवून शिकवलेत. ती तालीम मी विसरणार नाही. रिकाम्या हॉलमध्ये मागच्या भिंतीपाशी जाऊन तुम्ही तीन तऱ्हांनी टाळ्या वाजवल्यात. पहिली एकसारखी, नेमाची, संपले म्हणून वाजवलेली. तिच्यासाठी थांबलात तर नट हावरट दिसतो. दुसरी तान समेवर येते तेव्हाची, आखूड आणि अंगावर आल्यासारखी. ती येऊ द्यावी, पण तिच्याकडे पाहू नये. तिसरी पद संपल्यावर क्षणभर काहीच न होता मग मागच्या रांगांतून निघते आणि पुढे सरकत येते, आणि तिच्या पोटातच 'वन्समोअर' असतो. या तिसरीच्या आधीचा तो रिकामा क्षण आम्ही दिवा घालवून बुजवत होतो. तुम्ही सांगितलेत की तेवढा वेळ मी सूर धरून ठेवीन, नटाने जागा सोडायची नाही, आणि प्रकाशवाल्याने माझ्या उजव्या खांद्याकडे पाहायचे. खांदा खाली आला की पुढे चला. तेव्हापासून आमच्या प्रकाशयोजनेच्या वहीत पदांच्या शेवटी फक्त 'तात्यांचा खांदा' एवढेच लिहिलेले आहे. १९२१ साली दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या गायक-नटांना वन्समोअर कसे पडले त्याच्या कथा आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या, पण वन्समोअर घेण्याला काही रीत असते, दुसऱ्या वेळी पद पुन्हा मुखड्यापासून, म्हणजे पहिल्या ओळीपासून, न घेता अंतऱ्यावरून, म्हणजे पुढच्या कडव्यावरून, उचलायचे असते, हे तोवर आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

आता तुमच्या पाठीमागे काय झाले ते सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका देवळाच्या उत्सवात आपला चौथा प्रयोग झाला. मंडप, मागे आजूबाजूच्या वाड्यांतून आलेली आणि उभ्यानेच पाहणारी माणसे. कृष्णाचे 'प्रिये पहा' सुरू झाले आणि पुढच्या चार-पाच रांगांतली सगळी वयस्कर मंडळी हलक्या आवाजात गाऊ लागली. आपला कृष्ण बिचकला. त्याला ते नंतर अपमानासारखे वाटले होते. तुम्ही मात्र ऑर्गनचा आवाज वाढवण्याऐवजी कमी केलात, इतका की ती गुणगुण त्याला नीट ऐकू यावी. तुम्हाला दिसले नाही ते असे की तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांची बोटे समोरच्या माणसाच्या खुर्चीच्या पाठीवर तुमच्याबरोबर चालली होती, आणि समोरचा माणूस पुढे झुकून बसला होता, त्यांना वाजवायला मोकळी जागा मिळावी म्हणून.

गोव्यात, फोंड्याकडे, वेगळाच अनुभव आला. तिथल्या प्रेक्षकाने नारदाचे 'राधाधर मधुमिलिंद' शांतपणे ऐकून घेतले, टाळी जेमतेम दिली, आणि आपला नारद घाबरून गेला. तुम्ही त्याला खालूनच, ओठांनी, 'घाई नको' असे सांगितलेत ते मी पाहिले. दुसऱ्या पदाला, 'पावना वामना या मना'ला, एका जागेवर 'वाः' असा एकच आवाज आला, आणि मग त्या माणसांनी हात राखून ठेवले नाहीत. मध्यंतरात एक गृहस्थ मला म्हणाले की पहिल्या पदाला आम्ही ऐकतो, दाद दुसऱ्यापासून. ही परीक्षा तुम्हाला पाठमोरे बसून कशी कळली, हे मला अजून उमगलेले नाही. तुम्ही म्हणता, खुर्च्यांच्या आवाजावरून कळते, असेल.

हशाही तुम्हीच परत आणलात. बलराम त्या यतीवर, म्हणजे वेषांतर केलेल्या अर्जुनावर, भाबडेपणाने विश्वास टाकतो ते प्रवेश आम्ही कापून काढले होते, कारण लोकांना कथा ठाऊकच असते, मग उगाच वेळ कशाला, असा माझा हिशेब होता. तुम्ही म्हणालात की ठाऊक असते म्हणूनच तर मजा असते. सुभद्रेचे लग्न अर्जुनाशी लावण्याच्या कृष्णाच्या कटात प्रेक्षकाला सामील करून घेणारी ती जागा आहे, तीच कापलीस तर तो बाहेरच राहील. पुण्याच्या प्रयोगाला पहिल्या दोन रांगा महाविद्यालयीन मुलामुलींच्या होत्या, बरीचशी मोबाइलमध्ये डोके घालून. बलरामाने यतीची तपश्चर्या वाखाणायला सुरुवात केली आणि कृष्ण काही न बोलता नुसता प्रेक्षकांकडे वळला, तेव्हा एक मुलगी खुदकन हसली, मग शेजारचा, मग सगळी रांग. त्यानंतर मोबाइल उजळलेले मला दिसले नाहीत. एकदा उजळला तो वेळ पाहण्यासाठी. शेवटची बस चुकेल म्हणून कुणी निघाले असावे, आणि तेही अंक संपेपर्यंत दारात उभे होते.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले तो प्रसंग टाळीचा नाही. सुभद्रेचे 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद मी एका कडव्यावर आणले होते. विलंबित लयीचे, दुःखाचे पद मध्यंतराच्या तोंडावर लोक ऐकणार नाहीत, असे मी धरून चालले होते. ते पुरे ठेव, असे तुम्ही तीनदा सांगितलेत, आणि तिसऱ्यांदा सांगताना कारणही दिलेत: या नाटकात सगळे जण तिच्या हरणाच्या गोष्टी ठरवताहेत, दादा बलराम एकीकडे देतो आहे, दुसरा भाऊ कृष्ण दुसरीकडे, घटोत्कच तर झोपेतच उचलून नेतो, आणि ती एकटी विचारते आहे की माझ्या संकटाचे हरण, म्हणजे निवारण, कोण करील. आप्त-बांधवांना सांगून झाले, व्यर्थ गेले, हेही तिने त्याच पदात सांगितले आहे. 'हरण' हा शब्द मी लहानपणापासून त्या पदात ऐकत आले होते, आणि तो तिथे का आहे हे मला चाळिशी उलटल्यावर, तुमच्याकडून कळले. सुभद्रेची भूमिका गाजवणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांच्या काळापासून या पदाने लोक हेलावत आले असतील तर ते नुसत्या चालीने नव्हे.

पुण्याच्या त्या प्रयोगात तुम्ही ते पद सुरू होताना भाता इतका हळू चालवलात की लाकडाची करकर ऐकू येत होती. पद संपले आणि टाळी आली नाही. मी विंगेत गार पडले. तुमचा खांदा खाली येईना. पुढच्या रांगेतली, मघाशी खुदकन हसलेली तीच मुलगी, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती, आणि तिच्या मागे एक मध्यमवयीन बाई ओठांवर पदराचे टोक धरून स्थिर पाहत होत्या. किती वेळ गेला ते मोजले नाही. मग तुम्हीच खांदा सोडलात आणि पुढचा प्रवेश सुरू झाला. प्रयोगानंतर ती मुलगी आत आली आणि आपल्या सुभद्रेला म्हणाली की, मी भांडायला येणार होते, तिला कुणी विचारतच नाही म्हणून. पण तिने तर सगळ्यांना विचारलेले आहे. मग तिने विचारले की ऑर्गन वाजवणारे कोण होते. तुम्ही तेव्हा बाहेर चहाच्या टपरीवर होतात.

सगळ्यांनी कौतुकच केले असे मात्र नाही, आणि तेही तुम्हाला कळायला हवे. एका जाणकार गृहस्थांनी चार पानी पत्र पाठवून गाळलेल्या साक्यांची यादी दिली आहे आणि अर्जुनाच्या उच्चारांवर कडक ताशेरे ओढले आहेत. उच्चारांचे मला मान्य आहे. काहींना एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवण्याचा कंटाळा आला, आणि तसे त्यांनी तोंडावर सांगितले. वन्समोअर घेतल्यामुळे प्रयोग आता तीन तास दहा मिनिटांवर गेला आहे आणि नाट्यगृहाचे भाडे त्या हिशेबाने वाढते, हे आपल्या खजिनदारांचे गाऱ्हाणे तर तुम्ही दर वेळी ऐकताच. त्या यादीतल्या दोन साक्या पुढच्या प्रयोगापासून परत घ्याव्यात असे माझ्या मनात आहे. कोणत्या, ते तुम्ही ठरवा.

मानधनाचे पाकीट तुम्ही दहाव्या वेळीही परत केलेत आणि एसटीच्या तिकिटाचे पैसे तेवढे मोजून घेतलेत. त्या पाकिटांतून मी ऑर्गनला नवे आच्छादन आणि तुमच्या बैठकीला एक बरे स्टूल शिवून-करून घेतले आहे, कारण सध्याच्या खुर्चीवरून तुमचा उजवा खांदा प्रकाशवाल्याला खांबाआड जातो, आणि फोंड्याला त्यामुळे एक दिवा चुकला होता. स्टूल त्या खुर्चीपेक्षा दोन इंच उंच आहे. येत्या रविवारी सकाळी तालमीला या आणि बसून पाहा. पायांना भाता नीट पोचत नसेल तर सुतार तिथेच आहे, लगेच कापून देईल.

आपली नम्र,
'सौभद्र'च्या विंगेतली