इमर्जन्सी लाईट मेला नाही, त्याची बॅटरी मेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा वादळात भुसावळला आमच्याकडे रात्रभर लाईट नव्हती. आता दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात म्हणून आमच्या गल्लीतली तार तुटणार नाही असं थोडंच आहे. पण बिल्डिंगच्या जिन्यात दोन इमर्जन्सी लाईट टांगलेले असताना सगळे मोबाईलचा टॉर्च लावून चढून-उतरून राहिले होते, एक आजी पायरी चुकल्या, थोडक्यात वाचल्या. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ठरलं, दोन्ही भंगारात द्या, नवे आणा. मी म्हटलं थांबा ना भो, दोन दिवस माझ्याकडे द्या.

लोडशेडिंगच्या काळात दोन नळ्यांचा हा डबा घरोघरी होता, इन्व्हर्टर आले तसा तो माळ्यावर गेला. उघडला तर आत ट्रान्सफॉर्मर, एक बोर्ड आणि ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची बंद लेड-ॲसिड बॅटरी, बस. बोर्ड सहसा जात नाही, जाते ती बॅटरी, आणि तिला आपणच मारतो. जुन्या डब्यांत बऱ्याचदा कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की आपोआप लाईट बंद करणारी सोय, नसतो, साधारण सव्वापाच व्होल्टच्या खाली बॅटरी उतरू द्यायची नसते पण आपण नळी लाल होईपर्यंत वापरतो आणि तशीच उतरलेली माळ्यावर टाकतो, मग आतल्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि ती चार्जच धरत नाही. नाहीतर याच्या उलट, वर्षानुवर्षे पिन भिंतीवरच्या बोर्डात लावलेलीच. साधा चार्जर भरल्यावर थांबत नाही, आतलं पाणी आटतं, बॅटरी फुगते. त्यात २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं म्हणतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५. जिन्यातल्या बॅटरीनं तरी काय करावं.

आमच्या दोनपैकी एक फुगलेलीच होती. दुसरी रात्रभर चार्ज केल्यावर व्होल्ट मोजायच्या मीटरवर ६.३ दाखवत होती, मी खूश, पण छोटा बल्ब लावला आणि धाडकन ३ वर आली. म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, लोड लावून बघा. दोन्ही नव्या टाकल्या. वायरींच्या टोकांवरचा हिरवा-पांढरा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघाला. ६ वॅटच्या नळ्या मात्र बाजारात सापडल्या नाहीत म्हणून एलईडी बसवले. पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखी १२ व्होल्टची पट्टी आणली, ती ६ व्होल्टवर पेटतेय कशाला! आणि एलईडी नळीच्या वायरींना जोडायचे नाहीत, तिथे नळी पेटवायला व्होल्टेज खूप चढवलेलं असतं, थेट बॅटरीच्या बाजूने स्विचमधून घ्यायचे. नळ्या दोन मिळून १२ वॅट खायच्या, जेमतेम दोन तास, आता ३ वॅटमध्ये सात-आठ तास निघतात. चार्जरचं व्होल्टेज साडेसातच्या वर जात होतं, ते रेग्युलेटर टाकून ६.८ वर आणलं. सगळं मिळून चार जणांच्या शेवभाजीच्या बिलात झालं.

एक सांगतो, स्वस्तातले छोटे ४ व्होल्टवाले लाईट असतात त्यात बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या पार्टला थेट मेनचा करंट असतो, ते पिन लावलेली असताना अजिबात उघडू नका.

आता खरी तक्रार. गाडीची बॅटरी जुनी दिली तर दुकानदार पैसे कापून देतो, पण ही मुठीएवढी कोणी घेईना. जिथून नवी घेतली तो म्हणाला, काका कचऱ्यात टाकून द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे आणि त्यात लहान-मोठी सगळी बॅटरी आली. भंगारवाल्याला दिली तर तो शिशासाठी फोडणार आणि ॲसिड गटारीत. तर जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये या छोट्या बॅटऱ्या नेमक्या कुठे घेतात ते एकदा आपल्या पेपरात पत्त्यासकट छापा. तोपर्यंत माझ्या दोन, टोकांना टेप लावून, गॅलरीत प्लास्टिकच्या डब्यात पडून आहेत आणि बायको रोज विचारते, हे कधी जाणार.

आपला,
एक वाचक, भुसावळ