रिंगर वॉशिंग मशीन: आधी खटका, मग रोलर, रंग सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी यंत्रे हुडकून ती पुन्हा चालती करण्याच्या छंदाला हल्ली बरे दिवस आले आहेत. त्यात रिंगरवाल्या वॉशिंग मशीनचा मान मोठा. पण या यंत्रांबद्दल जे छापून येते, त्यात बहुधा आधीचा गंजका फोटो आणि नंतरचा आरशासारखा चकाकणारा फोटो एवढेच असते. मधले काम कुणी सांगत नाही. परिणामी नवखा हौशी माणूस पहिला खर्च रंगावर करतो, आणि रंगवलेले मशीन पहिल्याच धुण्याला गळते, गुरगुरते किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणाचा तरी हात ओढते. म्हणून हे पत्र.

रिंगर म्हणजे धुतलेले कपडे पिळायला टबाच्या कडेला खांबावर बसवलेला, मोटारीवर फिरणारा चरकच. दोन रबरी रोलर, वर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू, आत स्प्रिंग, आणि दाब एका झटक्यात सोडणारा खटका. खाली टब, टबात मागेपुढे हेलकावून कपडे घुसळणारा अ‍ॅजिटेटर, टबाखाली गिअरबॉक्स आणि मोटार. यातले सर्वांत नावाजलेले घराणे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील न्यूटन गावच्या मेटॅगचे. टबाच्या तळाशी अ‍ॅजिटेटर असलेले त्यांचे मशीन १९२२ मध्ये आले. घरोघरी ऑटोमॅटिक मशीन पोचून कित्येक वर्षे झाली, तरी १९८३ पर्यंत ते रिंगर मशीन बनवत होते. त्यामुळे आजही चांगल्या स्थितीतली मशीन हाती लागतात.

विकणारा 'चालू आहे' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मोटार आवाज करते' एवढाच असतो. त्याच्या घरी प्लग लावायचा मोह टाळावा. जुन्या वायरचे रबर आतून भुगा झालेले असते. त्याऐवजी बॅटरी घेऊन मशीनखाली वाकावे. गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाचा ओघळ आहे का, टबाच्या मध्यावरून गंजाची रेघ खाली आली आहे का, ते पाहावे. पट्ट्याची पुली हाताने फिरवावी. जड फिरली तर चालेल, अजिबात न हलली तर किंमत पाडून मागावी, आणि दर फेऱ्याला एकाच जागी 'टक्' करून अडली तर गिअरचा दात गेला असे समजावे. रिंगरच्या डोक्याचे (रोलर आणि खटका धरणाऱ्या वरच्या भागाचे) ओतीव कवच बारकाईने तपासावे. ते जस्तमिश्रित धातूचे असेल आणि त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा असतील, तर ते वेल्डिंगला दाद देत नाही. रोलर नवे बनतात, वायर नवी मिळते, पट्टा मिळतो. पण त्याच मॉडेलचे डोके आणि अ‍ॅजिटेटर नसतील तर मशीन घेऊ नये. नेताना रिंगर उतरवून वेगळा न्यावा आणि मशीन उभेच ठेवावे. आडवे टाकले की गिअरबॉक्समधले तेल नको तिथून बाहेर पडते आणि मोटारीवर उतरते.

आता खटका. या रोलरमध्ये हात जाण्याचे प्रकार एके काळी इतके होत, की वैद्यकीय लिखाणात 'रिंगर इंज्युरी' असे त्याला स्वतंत्र नावच पडले. बोटे ओढली जातात, हात कोपरापर्यंत किंवा बगलेपर्यंत जाऊन अडतो, आणि अडल्यावरही रोलर त्याच जागी कातडीवर घासत फिरत राहतात. वरून फारसे दिसत नाही, सूज आणि आतल्या स्नायूंचे नुकसान नंतर कळते. म्हणून अशी इजा किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. अशा वेळी माणूस घाबरून दोन चुका करतो. एक, प्लग उपटतो. त्याने रोलर थांबतात, पण दाब तसाच राहतो आणि हात अडकलेलाच. दुसरी, रोलर उलटे फिरवतो, म्हणजे तीच जखम पुन्हा एकदा. बरोबर कृती एकच: खटका मारायचा, वरचा रोलर उचलला जाऊ द्यायचा, मग बाकीचे.

हा खटका वर्षानुवर्षे न वापरल्याने साबणाच्या थराने आणि सुकलेल्या ग्रीसने जाम झालेला असतो. रिकाम्या रिंगरवर तो छान उडतो, आणि तिथेच फसगत होते. दाब नसताना उडणारा खटका पूर्ण दाबाखाली अडकू शकतो, कारण तेव्हा कुत्र्यावर (खटका धरून ठेवणाऱ्या पोलादी जिभेवर) स्प्रिंगचे सगळे बळ असते. म्हणून डोके उघडून ती जीभ, तिची खाच आणि खिळी केरोसीनने स्वच्छ करावी. कडेला आलेला बर (धातूची खरखरीत कोर) धार लावायच्या तेलाच्या दगडावर हलकेच काढावा, पण खाचेचा कोन बदलू नये. बदलला तर खटका आपोआप सुटू लागतो किंवा सुटेनासा होतो. जोडल्यावर दाब-स्क्रू पूर्ण आवळून, टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी रोलरमध्ये सोडावी आणि ती अर्धी आत गेली की तळहाताने खटका मारावा. असे दहा वेळा, दोन्ही दिशांनी. दहापैकी एकदा जरी दुसरा फटका मारावा लागला, तरी मशीन वापरायला काढू नये. या बाबतीत नऊ गुण म्हणजे नापास.

रोलरचे रबर दोन कारणांनी मरते. वयाने ते कडक होऊन चकाकते आणि चिरते. ते टळत नाही. दुसरे कारण मात्र निव्वळ हलगर्जीपणा: दाब न सोडता मशीन वर्षानुवर्षे ठेवून दिलेले असते. मग रोलर एकमेकांना टेकतात तिथे चपटे पडतात, आणि दर फेऱ्याला 'धप धप' करत कपडा सोडतात. नखाने दाबून पाहावे. खूण उमटून लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. वरची चकाकी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने, मशीन बंद ठेवून आणि रोलर हाताने फिरवत उतरवावी, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, रबर फुगते आणि पुढे सोलपटते. अजून एक गुप्त रोग असतो: रबर शाबूत दिसते, पण आतल्या दांड्यावरची त्याची पकड सुटलेली असते. दांडा फिरतो, रबर जागेवर. दांड्याच्या टोकावर आणि रबराच्या कडेवर खडूने एकच सलग रेघ ओढून जाड कपडा पिळावा. रेघ तुटली की निदान झाले.

नवे रबर चढवण्याचे काम छापखान्यांचे रोलर करणारे कारागीर करतात. त्यांना दांड्याचा व्यास, दांड्याची एकूण लांबी, रबराची लांबी आणि रबराचा बाहेरचा व्यास लागतो. व्यास मध्यावर मोजू नये, तिथे झीज असते; कडेच्या दोन सेंटिमीटरमध्ये कॅलिपरने मोजावा. 'जुन्याइतकेच कडक करा' असे तर मुळीच सांगू नये. जुने रबर वयाने कडक झालेले असते, त्याबरहुकूम केलेला रोलर बटणे फोडतो आणि पाणी सोडत नाही. गरम पाणी आणि साबण सोसणारे मऊ रबर हवे, असे स्पष्ट सांगावे. रोलर बसवल्यावर वर्तमानपत्राच्या तीन सारख्या पट्ट्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे धरून हलका दाब द्यावा आणि एकेक ओढावी. तिन्हींना सारखा जोर लागला पाहिजे. एक बाजू सैल निघाली तर त्या टोकाचे बेअरिंग झिजलेले असते. काही रिंगरमध्ये ही बेअरिंगे म्हणजे तेल मुरवलेले लाकडी ठोकळे असतात. ती चुकून 'जुनाट भाग' म्हणून फेकली जातात.

मेटॅगसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅजिटेटरची आणखी एक खोड आहे. तो खालच्या पोलादी दांड्याला चिकटून बसतो, कारण साबण आणि दोन धातूंमधला क्षार मिळून तिथे दगडासारखा थर होतो. कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले की एकतर पाते मोडते, नाहीतर टबाच्या तळाला खड्डा पडतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्याचा फायदा घ्यावा. आदल्या रात्री वरच्या फटीतून गंज सोडवणारे तेल घालावे. सकाळी उकळते पाणी थेट अ‍ॅजिटेटरच्या मानेवर सावकाश ओतावे, म्हणजे तो आधी तापतो आणि दांडा मागून. पात्यांखालून समोरासमोर दोन दोऱ्या घेऊन दोघांनी सरळ वर ताण द्यावा, तिसऱ्याने अ‍ॅजिटेटरच्या माथ्यावर लाकडी हातोडीने टकटक करावी. एकदा 'कट्' असा आवाज आला की काम झाले. पहिल्या खेपेला नाही निघाला तर गार होऊ द्यावा आणि पुन्हा तापवावा. पाच-सहा फेऱ्या लागू शकतात, संताप आवरावा.

तो निघाला की खालचे सील (टबातले पाणी गिअरबॉक्समध्ये जाऊ न देणारी कडी) दिसते. टबात पाच सेंटिमीटर पाणी घालून रात्रभर ठेवले आणि सकाळी गिअरबॉक्सखाली थेंब दिसला, तर सील बदलणे अटळ. तेलाचा प्लग उघडून तेल पाहावे. काळे असेल तर नुसते जुने आहे; दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे आणि गिअरबॉक्स उघडावाच लागेल, कारण बेअरिंगवर गंज धरलेला असतो. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे घालावे. आत ब्राँझचे गिअर असतील तर मोटारगाड्यांच्या गिअरचे गंधकयुक्त तेल टाळावे, काही प्रकार ब्राँझ खातात.

विजेच्या बाबतीत जुन्याचा अभिमान बाळगू नये. कापडी वेष्टणाची मूळ वायर कितीही सुंदर दिसली तरी ती काढावी, तीन तारांची नवी घालावी, अर्थिंग मोटारीच्या कवचाला आणि मशीनच्या सांगाड्याला स्क्रूने पक्के करावे. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, धातूचा टब धरून काम करायचे आहे हे विसरू नये. ५०० व्होल्टच्या मेगरने (वीज कुठे गळते का ते तपासायच्या मीटरने) मोटारीच्या गुंडाळ्या आणि कवच यांच्यातला रोध मोजावा. एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटार आधी सुकवावी, तरी सुधारत नसेल तर रिवाइंड करावी. सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर असल्याशिवाय मशीन लावूच नये.

अमेरिकी मशीन ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची (हर्ट्झ म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने) असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या देशात नुसता ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, हा गैरसमज आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटार १४२५ च्या आसपास फिरते, गाभ्यातले चुंबकत्व सुमारे २० टक्क्यांनी वाढते आणि मोटार तापते. मोटार सुरू करणारी गुंडाळी वेगावर चालणाऱ्या स्विचने सुटते. वेग कमी पडला आणि तो स्विच सुटला नाही, तर ती गुंडाळी मिनिटभरात जळू शकते. मूळ मोटार ठेवायचीच असेल तर ट्रान्सफॉर्मर ११५ ऐवजी ९६ व्होल्टचा घ्यावा (हर्ट्झ जितके उतरले, तितकेच व्होल्ट उतरवायचे) आणि स्विच सुटल्याचा 'क्लिक' कानाने ऐकावा. त्याहून बरे म्हणजे ५० हर्ट्झची, तेवढ्याच ताकदीची आणि त्याच दिशेला फिरणारी मोटार बसवून तिची पुली १.२ पट मोठी करणे: ५० मिलिमीटरच्या जागी ६०. मूळ मोटार कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी; पुढच्या मालकाला ती हवी असेल.

रंगाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासू नये; ओला घासावा आणि मास्क लावावा. अ‍ॅल्युमिनियमचा टब धुण्याच्या सोड्याने किंवा कॉस्टिकने कधीही साफ करू नये, काळा पडतो. पडलाच तर लिंबूसत्वाचे कोमट पाणी पुरते. इनॅमलच्या टबाचा टवका इपॉक्सीने झाकता येतो, पण गरम पाण्यात तो फार टिकत नाही.

पिळण्याची रीतही यंत्राच्या तब्येतीशी जोडलेली आहे. कपडा रोलरच्या पूर्ण रुंदीवर पसरून सोडावा. मध्येच गोळा करून सोडला की मध्यभाग झिजतो. बटणे आणि चेन घडीच्या आत घ्याव्यात. उशीचा अभ्रा बंद टोकाकडून सोडावा, म्हणजे हवा-पाणी उघड्या तोंडातून निघून जाते. उलटा सोडला तर फुग्यासारखा फुगून फुटतो. मोकळे केस, लोंबती बाही, ओढणी यांना रोलरजवळ जागा नाही, आणि लहान मुलांना त्या खोलीतही नाही. पाणी एकच पुरते: आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी कामाचे मळके. काम संपले की दाब-स्क्रू पूर्ण सैल करावा, अ‍ॅजिटेटर उचलून दांडा पुसावा, त्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवावा, आणि टबाचे झाकण बोटभर उघडे ठेवावे.

आपला,
जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत रमणारा एक वाचक