उच्च प्राथमिक वर्ग पुन्हा सुरू होताना: शिक्षक सदस्यांसाठी सूचना

सर्व शिक्षक सदस्यांना कळविण्यात येते की, २०२० मधील शाळाबंदीनंतर दीर्घकाळ घरून शिकलेले सहावी ते आठवीचे विद्यार्थी वर्गात परतत असताना, पहिले दोन आठवडे नवीन पाठ सुरू करण्याची घाई करू नये. या काळात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक परिच्छेद स्वतंत्रपणे मोठ्याने वाचून घ्यावा आणि पाच-सहा वाक्ये हाताने लिहून घ्यावीत. त्यास गुण देऊ नयेत, केवळ नोंद ठेवावी.

गणिताकडे विशेष लक्ष द्यावे. गुणाकार-भागाकार कच्चा राहिला की अपूर्णांक अडतो, अपूर्णांक अडला की गुणोत्तर आणि शेकडेवारी समजत नाही, आणि मग आठवीतील मूल बीजगणितात चुकते तेव्हा दोष बीजगणिताचा नसून चौथी-पाचवीतील राहून गेलेल्या पायाचा असतो. म्हणून चूक कोठे झाली यापेक्षा ती कोठून सुरू झाली हे शोधावे, आणि तेथूनच शिकवावे, मग तो भाग खालच्या इयत्तेचा का असेना.

सलग बसण्याची व हाताने लिहिण्याची सवय मोडलेली असल्याने लेखनाचा वेळ टप्प्याटप्प्याने वाढवावा. घरी मोबाइल नसल्यामुळे ज्यांचे शिक्षण जवळजवळ थांबले होते, त्यांची वर्गासमोर इतरांशी तुलना कोणीही करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. एखादे मूल गप्प राहत असेल, तर त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे आणि पालकांना त्यानंतर बोलवावे.

नोंदी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.