बाबा, तुमच्या इराकची फिल्म

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "साडेपाच तासांचा माहितीपट? त्यात बघायचं तरी काय एवढं?" मध्येच तुमच्याकडची लाइट गेली आणि बोलणं राहून गेलं. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून सविस्तर लिहितेय.

फिल्मचं नाव 'होमलँड: इराक इयर झिरो'. २०१५ची, ३३४ मिनिटांची. दिग्दर्शक अब्बास फाहदेल मूळचा बाबिलोनचा, म्हणजे बाबा, तुम्ही हिल्ल्याला नोकरीला होता त्याच मुलखातला. अठराव्या वर्षी तो सिनेमा शिकायला पॅरिसला गेला आणि तिकडचाच झाला. अमेरिका चाल करून येणार हे दिसायला लागलं, तेव्हा तो कॅमेरा घेऊन बगदादला आपल्या माणसांकडे आला आणि त्यांचं रोजचं जगणं टिपत बसला.

पहिला भाग सगळा युद्धाआधीचा. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावताहेत, धान्य भरून ठेवताहेत, पाणी तुटलं तर असावं म्हणून अंगणात विहीर खणताहेत. टीव्हीवर सद्दामची गाणी चालूच. ही माणसं १९९१चं युद्ध सोसलेली आणि त्यानंतर बारा वर्षं निर्बंधांत, रेशनवर दिवस काढलेली. त्यामुळे काय काय साठवायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. पोरं शाळेत जातात, अभ्यास करतात, भांडतात.

याच भागात सुरुवातीला पडद्यावर एक ओळ येते: घरातला हा बारा वर्षांचा मुलगा युद्धानंतर मारला जाणार आहे. पुढे कित्येक तास आपण त्याला हसताना, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालताना बघतो. मी एडिटर आहे, टेबलावर रोज हाच विचार करते की प्रेक्षकाला काय कधी सांगायचं. हे शेवटपर्यंत राखून ठेवलं असतं तर धक्का बसला असता आणि दोन दिवसांत विसरलाही गेला असता. आधीच सांगितल्यामुळे त्या मुलावरून नजर हलत नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

मार्च २००३मध्ये हल्ला झाला तेव्हा फाहदेल फ्रान्सला परतलेला होता. म्हणून फिल्ममध्ये बॉम्बहल्ला नाहीच. दुसरा भाग उघडतो तो थेट अमेरिकन रणगाडे रस्त्यावर उभे असलेल्या बगदादमध्ये. लुटालूट झालेली, सरकारी इमारती जळालेल्या. सामी कफ्तान नावाचा तिथला नामांकित नट त्याला उद्ध्वस्त झालेला फिल्म स्टुडिओ दाखवत फिरतो. जळालेली रिळं पायाखाली येतात. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते बघवत नाही. आणि मग तो मुलगा गोळी लागून जातो. त्यानंतर दहाएक वर्षं फाहदेलला ते चित्रण उघडून बघणं जमलं नाही.

मला सारखा तुमचा हिल्ल्याचा ड्रायव्हर आठवत होता, बाबा. इराण-इराक युद्धात त्याचा थोरला आघाडीवर गेला होता ना? इराकची बातमी लागली की तुम्ही "त्याच्या घरी काय असेल" एवढंच म्हणता आणि पुढे बोलत नाही. तुमच्या त्या प्रश्नाचं जितकं उत्तर मिळू शकतं, तितकं मला या फिल्ममध्ये मिळालं.

आणखी एक फिल्म सांगायची आहे, मैसून पाचाचीची, २००४ची. तिचे वडील अदनान पाचाची साठच्या दशकात इराकचे परराष्ट्रमंत्री होते, नंतर सगळी हयात परदेशात गेली. ऐंशी उलटल्यावर ते हंगामी राज्यघटनेच्या कामासाठी बगदादला परतले आणि लेक कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर गेली. त्याच वर्षी तिने आणि तिच्यासारख्याच परदेशात राहणाऱ्या कासिम आबिद या इराकी दिग्दर्शकाने बगदादमध्ये फिल्म शिकवणारी विनाशुल्क शाळा काढली. रोज स्फोट होणाऱ्या शहरात! बाहेर राहणाऱ्याला कधीही निघून जाता येतं, घरच्यांना नाही. या तिघांच्याही कामात ती बोच जाणवते आणि इथे बर्लिनमध्ये बसून मला ती चांगलीच कळते.

आता मुद्द्याचं. दिवाळीला येताना मी कॅमेरा आणणार आहे. बाबा, तुमच्याकडून हिल्ला सगळा ऐकायचाय: साइट, खजुराच्या बागा, 'हिंदी', म्हणजे भारतीय, म्हटल्यावर अमिताभचं नाव घेणारे दुकानदार. पण खरं तर मला आईचं जास्त हवंय. आई, १९८२मध्ये तू सांगलीत दादाला कडेवर घेऊन आकाशवाणीच्या बातम्यांना कान लावून बसायचीस, बाबांचं पत्र महिना-महिना यायचं नाही. बाबांच्या इराकबद्दल घरात येणारा प्रत्येक माणूस विचारतो. तुझे ते महिने कसे गेले हे कुणीच विचारलेलं मला आठवत नाही. फाहदेलची फिल्म बघताना मला घरात थांबलेल्या बायका दिसत होत्या, आणि त्यांच्यात तू.

"माझं काय शूटिंग करायचंय मेलं" असं म्हणू नकोस. नवी साडी नेसू नकोस, स्वयंपाकघर आवरू नकोस. तू भाजी निवडत बोल, मी बाजूला बसून शूट करेन. एखादी गोष्ट सांगायची नसली तर कॅमेरा बंद करायला सांग, मी लगेच बंद करेन. ती पत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत असतील तर बाबांना चढू देऊ नका. दादाला सांगा, नाहीतर मी आल्यावर काढेन. वाळवी लागली नाही ना, तेवढं मात्र आत्ताच बघून कळवा.

बाबांची बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
छोटी