रविवारच्या प्राणायामाबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी 7 वाजता प्राणायामाला या, चटई आपापली आणा.

परवा आपल्यातल्या एक ताई गॅससमोरच उभ्या होत्या, तरी दूध उतू गेलेलं कळलं नाही. मुलाची बारावी, सासूबाईंचं आजारपण. (त्यांना विचारूनच लिहितेय.) ताण असाच अंगात मुरतो: जबडा आवळलेला, झोप उडालेली, उगाच चिडचिड. तेव्हा 4 अंक मोजत श्वास घ्या, 6 मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. 5 मिनिटं पुरे.

पण दोन-दोन आठवडे मन उदासच असेल तर कृपा करून अंगावर काढू नका. 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या 14416 नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.