निळी गोळी, नाचणी आणि आमचं विद्यापीठ : मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्रीसाहेब,
नमस्कार.

माझी पोरगी नववीला आहे, राधानगरी तालुक्यातल्या शाळेत. आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, निम्म्या पोरी ती गालात धरून नळावर जाऊन थुंकतात, मळमळतं म्हणून, आणि रजिस्टरला सगळ्यांनी घेतलेली असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास 69 टक्के पोरांना ॲनिमिया निघाला. "रक्त कमी आहे" म्हटलं तर आमच्याकडं कुणी दचकतसुद्धा नाही, गूळ-शेंगदाणे खा म्हणतात, झालं.

पण रक्त कमी कशानं? लोह कमी, का बी12, फोलेट ही जीवनसत्त्वं कमी? बोटाला टोचून नुसतं हिमोग्लोबिन कळतं, शरीरात लोहाचा साठा किती ते बघायला फेरिटिन तपासावं लागतं, ते गावात कोण करणार.

आता गंमत बघा. शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह, बोरॉन सगळं लिहून येतं, पण त्याच शेतातली नाचणी खाणाऱ्या बाईच्या अंगात ते किती उतरतं हे कुणी विचारत नाही कारण माती कृषी खात्याची, रक्त वैद्यकीय शिक्षणाचं, अंगणवाडी महिला-बालविकासची आणि शिवाजी विद्यापीठ तुमचं. कृषी महाविद्यालय राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जोडलेलं, मेडिकल कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला, आणि आहेत मात्र सगळे कोल्हापुरातच, एकमेकांकडं रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर!

विद्यापीठात बायोकेमिस्ट्री आहे, फूड सायन्स आहे, प्रयोगशाळा आहेत. ह्या सगळ्यांना एका टेबलावर बसवायचं काम विद्यापीठालाच द्या, आणि सोबत पैसे पण द्या, नुसता सामंजस्य करार करून फोटो नको (ते बरेच झालेत). नाचणीत 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, लोह पण असतं, पण फायटेटमुळं (धान्यातलंच एक द्रव्य, ते लोह-कॅल्शियम धरून ठेवतं) ते अंगी नीट लागत नाही, मोड आणले की फायटेट कमी होतं. मग भाकरी, आंबील आणि मोडाचं सत्त्व, ह्यातलं कशातनं जास्त मिळतं? जेवणावर लगेच चहा पिल्यानं लोह कमी शोषलं जातं, आमच्यात तर ताट उचलायच्या आधी चहा ठेवतात, त्याचा हिशोब कोण करणार?

हे होत नाही असं नाही. धनशक्ती बाजरी, जादा लोहाची, 2012 ला महाराष्ट्रात आली. एसएनडीटी विद्यापीठ आणि अमेरिकेतलं कॉर्नेल ह्यांनी मिळून ग्रामीण महाराष्ट्रातल्या 12 ते 16 वयाच्या पोरापोरींना तिची भाकरी खायला घालून रक्त तपासलं, आणि लोहाचा साठा वाढलेला दिसला. मग गगनबावडा-राधानगरीच्या नाचणीचं असं कुणी का करू नये? आणि निकाल काय येईल तो इंग्रजी जर्नलबरोबर आशाताईंच्या हातात पण मराठीत पडू दे, रक्त आमचंच घेणार ना.

नाचणी दिवाळीच्या पुढंमागं काढणीला येते. नमुने घ्यायचे असतील तर तुमचं पत्र त्याच्या आधी निघायला लागतंय.

आपला,
शिवाजी विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी, राधानगरी