थैली मोजणाऱ्याचे चार शब्द

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ख्रिस्ती लोकांचा दशमांश म्हणजे धर्माच्या नावाने घेतलेला करच’, असे आपल्या वाचकांच्या पत्रांत एकाने लिहिले आहे. (दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देणे.) ११ वर्षे मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. उपासना संपली की दानार्पणाच्या थैल्या टेबलावर उलट्या करून नाणी-नोटा वेगळ्या करायचे काम माझे. त्यामुळे राहवले नाही.

दशमांश बायबलच्या जुन्या करारातला, आणि काही मंडळ्या तो आजही काटेकोर पाळतात. पण यरुशलेमातल्या गरीब बांधवांसाठी येशूचा प्रेषित पौल वर्गणी गोळा करत होता, तेव्हा करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने टक्का कुठेच सांगितलेला नाही. ज्याने त्याने आपल्या मनात ठरवावे तसे द्यावे, भाग पडते म्हणून देऊ नये. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’. मूळ ग्रीकात इथे ‘हिलारॉस’ असा शब्द आहे, म्हणजे प्रसन्न, हसतमुख. (त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात, पैशांवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना पाठवल्याचे आहे. खजिनदाराला याहून प्रिय वचन नाही. त्यावर प्रवचन मात्र मी एकदाही ऐकलेले नाही.)

प्रवचन होते ते विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे एका गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन अगदी लहान नाण्यांवर. मार्काच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात), बाराव्या अध्यायात, येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. ‘किती’ नव्हे, ‘कसे’. आणि त्याच्या लगेच आधी तो विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांवर, कडाडला आहे. तेवढा भाग आम्ही वाचायचा सोडतो. निधी कमी पडला की व्यासपीठावरून विचारणा होते, तिने आपली सगळी उपजीविका दिली, तुम्ही काय देता? अहो, तिच्याकडे कुणी मागितले तरी होते का?

आमच्याकडे इमारत निधीच्या वेळी देणाऱ्यांची नावे आकड्यांसह वाचून दाखवायला सुरुवात झाली. यादी मीच तयार करायचो, हे कबूल करतो. मोठ्या आकड्यांपासून सुरू होऊन ती खाली खाली उतरायची, आणि शेवटच्या दोन-तीन नावांपाशी वाचणाऱ्याचा आवाजही उतरायचा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक बाई दर रविवारी घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढी झालेली एकच नोट टाकत. ती घडी उलगडायला मला वेळ लागे, म्हणून ती कुणाची हे मला कळले होते. यादी सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात ती नोट यायची थांबली. पुढे बाईही थांबल्या. भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, “माझं नाव शेवटी येतं म्हणून नाही हो. नाव येतं म्हणून.”

‘उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये’, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले वचन मला लहानपणापासून पाठ होते.

कार्यकारिणीत यादी बंद करायचा ठराव मी मांडला. तो बहुमताने पडला. यादीमुळे जमा वाढली होती आणि ते खोटे नव्हते, वह्या माझ्याच हातच्या होत्या. यादी आजही वाचली जाते. मी माझे पैसे कोऱ्या लिफाफ्यात घालतो, त्यावर नाव लिहीत नाही, रक्कमही नाही. त्यामुळे नव्या खजिनदाराला हिशेब जुळवायला त्रास होतो, हे मला चांगले ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त खजिनदार